सेन्सर नवा, तरी लाइट परत का लागते? डीपीएफच्या डीपी सेन्सरचा शोध

विट्याजवळच्या एका खडी क्रशरवर व्हील लोडर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला सात आठवड्यांत दोन डीपी सेन्सर, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरच्या (डीपीएफच्या) दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारे सेन्सर बसले, आणि दोन्ही मीच बसवले. पहिला बसवला, डॅशबोर्डवरची इशाऱ्याची लाइट गेली, मी कराडला परत आलो. चोविसाव्या दिवशी सकाळी साडेसातला ऑपरेटरचा फोन: "दादा, लाइट परत लागली बघा. बकेट भरताना गाडी दमच धरत न्हाई." दुपारी दोनला पोचलो तर लाइट गेलेली, स्कॅनरमध्ये दोषाचा कोड फक्त साठलेला, मशीन नीट चालतंय. मी दुसरा सेन्सर बसवला. तोही तीनच आठवडे टिकला.

तिसऱ्या वेळी सेन्सर न घेता गेलो. आदल्या संध्याकाळी क्रशरवर मुक्कामाला राहिलो आणि सकाळी सहाला, इंजिनला हात लावायच्या आधी, नुसती चावी ऑन करून रिडिंग बघितलं. इंजिन बंद, सायलेन्सरमध्ये वाऱ्याचा झोत नाही, म्हणजे दाबातला फरक शून्य यायला हवा. स्क्रीनवर २.३ किलोपास्कल. सेन्सरवरचा एक पाईप ओढून काढला, तर त्यातून दोन चमचे काळं पाणी सांडलं.

वीतभर उंचीचा पाण्याचा स्तंभ साधारण २.३ किलोपास्कल दाब देतो. पाईपमध्ये बरोबर तेवढंच पाणी उभं होतं. सेन्सर खोटं बोलत नव्हता. त्याच्यापर्यंत जे पोचत होतं ते तो सांगत होता.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण सातारा-सांगली पट्ट्यात आता अशा गाड्या भरपूर झाल्यात. ट्रक आणि टिपरना १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागले, चाकांच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही स्टेज ५ चे निकष १ जानेवारी २०२५ पासून. या निकषांत धुरातल्या कणांचं वजन तर मोजतातच, त्यांची संख्याही मोजतात. म्हणून फिल्टर आला, आणि फिल्टर आला की त्याच्यावर नजर ठेवणारे सेन्सर आले. आमच्या गॅरेजला महिन्यातून तीन-चार गाड्या याच तक्रारीच्या येतात. त्यातल्या बऱ्याच आधी कुठंतरी सेन्सर बदलून आलेल्या असतात. मालकाचे पैसे गेलेले असतात, मशीन उभं राहिल्याचा खाडा पडलेला असतो, आणि दोष जिथला तिथंच.

सेन्सर नेमकं काय बघतो

डीपीएफ म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा. त्यातली नळी एका टोकाला उघडी तर दुसऱ्या टोकाला बंद, शेजारची बरोबर उलटी. धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडं जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. काजळी साठत गेली की आत येणारा दाब आणि बाहेर जाणारा दाब यांतला फरक वाढतो. फिल्टरच्या पुढून एक आणि मागून एक असे दोन बारीक पाईप निघून एका छोट्या डब्यात जातात. तो डबा म्हणजे डीपी सेन्सर. आतल्या पातळ पडद्यावर दोन्ही बाजूंनी दाब येतो, पडदा जेवढा वाकेल तेवढा व्होल्टेज बदलतो.

बहुतेकांना तीन वायर असतात: पाच व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. काहींना चार, कारण एकाच डब्यात फिल्टरनंतरचा दाब मोजणारा दुसरा सेन्सरही बसवलेला असतो. शून्य दाबाला सिग्नल बऱ्याच सेन्सरमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो आणि दाब वाढेल तसा साडेचारपर्यंत चढतो. तुमच्या मशीनचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, माझा आकडा धरून निकाल देऊ नका.

ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, या एका सेन्सरवर पूर्ण भरवसा ठेवत नाही. इंजिन किती हवा ओढतंय, डिझेल किती जातंय, तापमान किती आहे यावरून काजळी किती झाली असेल याचा तो स्वतः हिशोब मांडत असतो. सेन्सरचं म्हणणं आणि हा हिशोब यांचा मेळ बसला नाही की कोड पडतो. म्हणून कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर गेला असा अर्थ होत नाही. कोड फक्त कुठल्या मापाबद्दल शंका आहे ते सांगतो.

आधी कोड पुरता वाचा

हेवी मशीनवर कोड दोन आकड्यांचा असतो, एसपीएन (कुठलं माप) आणि एफएमआय (दोष कसला). एसपीएन ३२५१ म्हणजे फिल्टरवरचा दाबातला फरक. बरेच जण एवढंच वाचून पार्ट मागवतात. खरी बातमी दुसऱ्या आकड्यात असते.

एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा वर, ४ म्हणजे खाली. हे दोन्ही वायरिंगचे, कपलरचे किंवा सेन्सरच्या आतल्या सर्किटचे. एफएमआय २ म्हणजे रिडिंग पटण्यासारखं नाही, कधी वर कधी खाली. हा बहुतेक वेळा पाईपचा, पाण्याचा, ढिल्या पिनचा. एफएमआय ० किंवा १६ म्हणजे सेन्सर नीट आहे असं धरून सांगितलंय की दाब खरोखर जास्त झालाय. तिथं सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. विट्याच्या लोडरला २ होता. तो आकडा मी पहिल्याच दिवशी बघितला होता आणि त्याच्यावर विचार केला नाही. माझी चूक तिथं झाली.

बीएस-६ टिपरवर साधा ओबीडी स्कॅनर लावला तर पी२४५२ ते पी२४५५ या घरातले कोड याच सेन्सरचे. पी२४६३ म्हणजे काजळी जास्त. त्याचा सेन्सरच्या वायरशी संबंध नाही.

कोड लगेच पुसू नका. स्कॅनरवर त्याच्यासोबत तो पडला तेव्हाची परिस्थिती साठलेली असते: आरपीएम, तापमान, मशीनचे तास. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सकाळी पडतो की दुपारी, धुतल्यावर पडतो की घाटात, यातच निम्मं उत्तर असतं.

चावी ऑन, इंजिन बंद

पहिली तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे. मशीन रात्रभर थंड झालेलं असताना, इंजिन सुरू न करता चावी ऑन करा आणि डीपीचं रिडिंग बघा. शून्य किंवा शून्याला चिकटून असलं पाहिजे. नसेल तर सेन्सरवरचे दोन्ही पाईप काढा आणि परत बघा.

पाईप काढल्यावर शून्य झालं, तर सेन्सर आणि वायरिंग दोन्ही ठीक. पाईपमध्ये पाणी किंवा काजळीचा बोळा आहे. पाईप काढूनही शून्य होत नसेल, तर मग सेन्सर किंवा वायरिंग. एवढ्या एका गोष्टीनं शोध निम्म्यावर येतो.

मात्र ही तपासणी सकाळीच करायची. दुपारी सायलेन्सर तापलेला असतो, पाईपमधलं पाणी वाफ होऊन गेलेलं असतं, आणि सगळं बरोबर दिसतं. मी दोनदा दुपारी गेलो होतो, म्हणून दोनदा फसलो.

पाईप

इथं जास्त वेळ घालवा, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त केसेस इथल्याच निघतात.

डिझेल जळताना पाणी तयार होतंच. इंजिन बंद झाल्यावर धुरातली वाफ थंड पाईपमध्ये पाणी होऊन बसते. कंपनीनं सेन्सर म्हणूनच फिल्टरच्या तोंडापेक्षा उंचावर बसवलेला असतो आणि पाईपला सरळ उतार ठेवलेला असतो, म्हणजे पाणी उलट फिल्टरकडं ओघळून जावं. पाईपला मध्ये कुठं झोळ पडला की पाणी तिथं साठतं. सेन्सरच खाली आला तर सगळं पाणी सेन्सरमध्ये. आणि हे साधं पाणी नसतं. धुरातल्या वायूंमुळं ते आंबट असतं, काजळी मिसळून काळं झालेलं असतं, आणि सेन्सरचा पडदा हळूहळू खाऊन टाकतं.

विट्याच्या लोडरवर नेमकं हेच झालं होतं. सेन्सरचा ब्रॅकेट खडीच्या हादऱ्यानं तुटला होता. कुणीतरी सेन्सर खाली फ्रेमला बाइंडिंग वायरनं बांधून टाकला होता, घट्ट आणि नीट. मी दोन वेळा त्याच जागी नवा सेन्सर बांधून आलो. म्हणजे जुने सेन्सर खराब झाले होते हे खरंच होतं. तपासले असते तर मीटरवरही खराबच दाखवले असते. पण त्यांना मारणारा दुसराच होता, आणि मी दोन्ही वेळा नवा सेन्सर त्याच्याच हाती दिला होता. म्हणून खराब सेन्सर हाती लागला तरी थांबू नका. तो कशानं गेला हे सापडल्याशिवाय नवा बसवू नका.

दुसरा प्रकार म्हणजे बुजलेला पाईप. फिल्टरच्या पुढच्या बाजूचा पाईप काजळीनं बुजतो, मागच्या बाजूचा सहसा नाही, कारण तिथला धूर गाळलेला असतो. पुढचा पाईप बुजला की सेन्सरला दाब कळतच नाही. फिल्टर भरत जातो आणि रिडिंग मात्र छान कमी दिसत राहतं. हा धोक्याचा प्रकार, कारण लाइट उशिरा लागते आणि तोवर फिल्टर गच्च झालेला असतो. पाईप दोन्ही टोकांनी काढून मग हवा मारा. सेन्सरला जोडलेला असताना चुकूनही हवा मारू नका. टायरच्या हवेचा दाब त्या पडद्याच्या मापापेक्षा कितीतरी पट असतो, एका फुंकरीत तो जातो. फिल्टरच्या नळीचं तोंड बारीक ड्रिल बिट हातानं फिरवून मोकळं करा, मशीन लावू नका.

तिसरा, उलटे जोडलेले पाईप. फिल्टर साफ करायला उतरवला आणि बसवताना पुढचा मागं, मागचा पुढं गेला, तर रिडिंग उणे येतं किंवा शून्यावर खिळून राहतं. उतरवायच्या आधी एका पाईपला टेप गुंडाळून खूण करायची सवय लावा.

चौथा आपल्या भागाचा आहे. ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर सैरावैरा होतात आणि बांधावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या बोनेटमध्ये घुसतात. सिलिकॉनचा मऊ पाईप त्यांना फार आवडतो असं दिसतं. कराडच्या खाली कृष्णाकाठच्या रस्त्याच्या कामावरचा एक टिपर आला होता, त्याच्या पुढच्या पाईपला पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक होतं. आयडलिंगला रिडिंग ठीक, लोडवर हिशोबापेक्षा कमी. पाईप वाकवून, चिमटून, पाण्यात बुडवून बघितल्याशिवाय असलं भोक सापडत नाही. बदलताना दुकानात मिळेल तो डिझेलचा किंवा पाण्याचा रबरी पाईप घालू नका. उष्णतेनं तो आतून फुगतो आणि बुजतो, बाहेरून मात्र धडधाकट दिसतो.

कपलर आणि वायर

एफएमआय ३ किंवा ४ असेल तर पाईपच्या नादी न लागता आधी इथं या.

कपलर काढा आणि स्कॅनरवर एफएमआय बदलतो का बघा. ४ होता आणि कपलर काढल्यावर ३ झाला, किंवा उलट झालं, तर ईसीएमला बदल कळतोय. म्हणजे ईसीएम आणि वायर जिवंत आहेत, सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. काहीच बदललं नाही तर दोष वायरीत. मग मल्टीमीटरनं कपलरच्या वायरीच्या बाजूला चावी ऑन ठेवून सप्लाय मोजा. पाच व्होल्ट हवेत. बॅटरीच्या निगेटिव्हला धरून पाच येतात पण सेन्सरच्या अर्थ पिनला धरून येत नाहीत, तर अर्थ तुटलेला आहे.

पाच व्होल्टऐवजी दोन-अडीच किंवा काहीच येत नसेल, तर या सेन्सरला दोष देण्याआधी बाकीचे कोड वाचा. तोच पाच व्होल्टचा सप्लाय दुसऱ्या दोन-तीन सेन्सरनाही जातो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचाच सप्लाय बसतो. एकदम तीन-चार सेन्सरचे कोड पडलेत म्हणजे तीन-चार सेन्सर एकदम गेले असं होत नाही. एक एक कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार.

पिनांवर हिरवट गंज दिसला तर विचारा, गाडी कुणी आणि कशी धुतली. प्रेशर वॉशरचा फवारा थेट कपलरवर मारल्यानं किती गाड्या आल्या याची मोजदाद नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या कामांवर पावसाळ्यात चार महिने मशीन ओलंच असतं, तिथं कपलरमधली रबरी सील जागेवर आहे का हे प्रत्येक सर्व्हिसला बघावं. गंज कॉन्टॅक्ट क्लीनरनं काढा. पिन पॉलिश पेपरनं घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि महिन्यात पुन्हा गंजते.

वेल्डिंगचंही विचारा. बकेटचे दात, डाल्याची फळी, चेसिसचा ब्रॅकेट, साइटवर वेल्डिंग रोजचंच. बॅटरीचं कनेक्शन न काढता, अर्थ क्लॅम्प लांब कुठंतरी लावून वेल्डिंग केलं की करंट वायरिंगमधून वाट काढतो. बॅटरी काढा, मॅन्युअल सांगत असेल तर ईसीएमचे कपलरही काढा, आणि क्लॅम्प जिथं वेल्डिंग चाललंय तिथंच जवळ लावा.

गवंड्याच्या लेव्हल पाईपनं सेन्सरची परीक्षा

पाईप साफ, वायरिंग ठीक, शून्यही बरोबर, तरी शंका राहते की सेन्सर दाब नीट मोजतोय का. त्यासाठी महागडं गेज लागत नाही.

गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप दोन-अडीच मीटर घ्या. इंग्रजी यू अक्षरासारखा एका फळीवर बांधा आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एक तोंड उघडं. दुसऱ्या तोंडाला टी जोडा. टीच्या एका फाट्याला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज, दुसऱ्या फाट्याला छोटा कोरडा पाईप, तो सेन्सरच्या पुढच्या, म्हणजे जास्त दाबाच्या तोंडाला. सेन्सरचं दुसरं तोंड मोकळं ठेवा. सेन्सर पाण्याच्या पातळीपेक्षा बराच वर धरा, त्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये.

चावी ऑन करून सिरिंज हळू दाबा. दोन बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटरचा फरक पडला की स्क्रीनवर साधारण १ किलोपास्कल दिसायला हवा, ३० सेंटिमीटरला ३, ५० ला ५. सिरिंज सोडली की शून्यावर परत यायला हवा. आकडा सरळ चढला आणि सरळ उतरला तर सेन्सर उत्तम आहे, त्याला हात लावू नका. मध्येच अडकला, उडी मारली, किंवा शून्यावर परत आलाच नाही, तर तो खरोखर गेलाय.

या एका फळीमुळं आम्ही बरेच सेन्सर परत बसवलेत, जे आधी भंगारात गेले असते. मालकाला समोर उभं करून दाखवा. त्याला पटतं, कारण पाण्याची पातळी त्यानं घर बांधताना बघितलेली असते.

सेन्सर खरं बोलत असेल तर

परीक्षेत पास झालेला सेन्सर दाब जास्त सांगतोय, म्हणजे फिल्टर भरलाय. आता प्रश्न असा की कशानं. काजळीनं की राखेनं? दोन्ही काळे-करडे दिसतात, पण काजळी जळते आणि राख जळत नाही.

काजळी जाळायला दोन वाटा आहेत. लोडवर इंजिन तापलं की २५० ते ४०० अंशांत नायट्रोजन डायऑक्साइडमुळं ती आपोआप हळूहळू जळत राहते. ते पुरलं नाही तर ईसीएम जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापवतो. यालाच आपण रीजन म्हणतो. भरलेला टिपर खंबाटकी चढून जात असेल तर त्याचा फिल्टर वाटेतच साफ होतो. तोच टिपर क्रशरपासून तीन किलोमीटरवर खडी टाकून परत येत असेल, रांगेत तासभर आयडलिंगला उभा असेल, तर सायलेन्सर कधी तापतच नाही. रीजन सुरू झालं की ऑपरेटर डबा खायला इंजिन बंद करतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. अर्धवट रीजनमधलं डिझेल काही वेळा सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय, बदला.

काजळी फार लवकर साठत असेल, म्हणजे रीजन झाल्यावर दोन-चार दिवसांत परत मागत असेल, तर इंजिनकडं बघा. माण, खटाव, आटपाडी, जतच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकातल्या तासांपर्यंत टिकत नाही. टर्बोनंतरचा होज कुठं फाटला असेल तर हवा कमी पडते. इंजेक्टर गळत असेल, ईजीआर वाल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकला असेल, टर्बोच्या सीलमधून ऑइल जात असेल. यातलं काहीही दुरुस्त न करता फिल्टर कितीही वेळा साफ केला तरी तो भरणारच. स्वस्तातलं बायोडिझेल म्हणून टँकरमधून साइटवर मिळणारं इंधन घालू नका. पंपावरच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत असतं. त्या टँकरमध्ये काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही.

राख येते इंजिन ऑइलमधून. ऑइलमध्ये कॅल्शियम, जस्त यांची जी औषधं घातलेली असतात, ती ऑइल जळाल्यावर राख होऊन फिल्टरमध्ये कायमची बसतात. एपीआय सीजे-४ आणि त्यानंतरच्या सीके-४ दर्जात ही राख वजनाच्या १ टक्क्याच्या आत ठेवायची अट आहे. जुन्या सीआय-४ मध्ये तशी मर्यादा नाही. घरी तीन जुनी मशीन आणि एक नवं असेल तर मालक एकच बॅरल आणतात आणि सगळ्यांना तेच घालतात. त्यात नवं मशीन मार खातं. पार्क रीजन, म्हणजे मशीन एका जागी उभं करून केलेलं रीजन, नीट पूर्ण होऊनही डीपी खाली उतरत नसेल, तर राख समजा. मग फिल्टर उतरवून, भट्टी आणि हवेच्या यंत्रावर साफ करून घ्यावा लागतो. प्रेशर वॉशरचं पाणी मारून फिल्टर धुऊ नका, आतला लेप जातो आणि सिरॅमिक तडकतो. आणि ती राख तोंडाला चांगला मास्क लावल्याशिवाय झटकू नका, ती फुप्फुसाला वाईट.

तापमानाचे सेन्सरही याच साखळीत आहेत. ते चुकले तर रीजन सुरूच होत नाही किंवा मध्येच थांबतं, आणि खापर डीपीवर फुटतं. यांचीही परीक्षा सकाळीच. रात्रभर उभ्या मशीनवर चावी ऑन करून फिल्टरच्या आधीचं, नंतरचं, कूलंटचं आणि बाहेरच्या हवेचं तापमान बघा. सगळे एकमेकांच्या जवळपास हवेत. तीन २४ दाखवतात आणि एक ९०, तर तो एक बघा. पीटी-२०० प्रकारचा असेल तर २५ अंशांना मीटरवर साधारण २२० ओहम येतात.

सायलेन्सरच्या शेवटच्या टोकात पांढरा रुमाल फिरवूनही बघा. फिल्टर शाबूत असेल तर तिथं काळं येत नाही. काळं येतंय आणि डीपीही कमी, म्हणजे फिल्टर आतून तडकलाय. किंवा कुणीतरी आतला ठोकळा काढून मोकळा डबा बसवलाय. असा डबा घेऊन कोड घालवायला गाड्या येतात, मी परत पाठवतो. गाडीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि धुराड्याच्या उंचीवर साइटवरच्या बायका-पोरं उभी असतात.

पार्क रीजन कुठं करायचं

याबद्दल मला हात जोडून सांगायचंय. रीजनच्या वेळी सायलेन्सरच्या तोंडातून निघणारा झोत आणि आसपासचं लोखंड एवढं तापतं की वाळलेलं पाचट सहज पेटतं. उसाच्या फडाच्या कडेला, वाळलेल्या गवतावर, कडब्याच्या गंजीजवळ, डिझेलच्या बॅरलशेजारी मशीन लावून रीजन सुरू करू नका. मोकळ्या मुरमाच्या जागेवर घ्या, तोंड वस्तीकडं करू नका, आणि ती अर्धा-पाऊण तासाची वेळ ऑपरेटरनं मशीन सोडून जाऊ नये. बंद शेडमध्ये तर मुळीच नको.

काम झाल्यावर

काही मशीनवर नवा सेन्सर किंवा साफ केलेला फिल्टर बसवला की ईसीएमला ते स्कॅनरवरून कळवावं लागतं, नाहीतर तो जुन्याच हिशोबावर चालत राहतो. ते केलं का ते तपासा. मग एक पूर्ण पार्क रीजन होऊ द्या, आणि ते झाल्यावर चार आकडे लॉगबुकात लिहा: चावी ऑन असताना डीपी, गरम इंजिनला आयडलिंगवर डीपी, पूर्ण आरपीएमला डीपी, आणि मशीनचे तास. साफ फिल्टरला आयडलिंगवर रिडिंग सहसा १ किलोपास्कलच्या आतच असतं, पण दुसऱ्याच्या मशीनशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच मशीनचे महिन्याभरापूर्वीचे आकडे जास्त उपयोगी पडतात. हळूहळू चढत गेले तर राख. एकदम चढले तर काजळी. सकाळी वेगळे आणि दुपारी वेगळे तर पाणी.

विट्याच्या लोडरला आम्ही पाच मिलिमीटर जाड पट्टीचा नवा ब्रॅकेट केला, खाली रबरी बुश दिले, सेन्सर फिल्टरच्या तोंडापेक्षा वर नेला आणि पाईप छोटे करून सरळ उतारानं घेतले. त्यावर बसवलेला तिसरा सेन्सर तेव्हापासून तोच आहे. ऑपरेटर दर सोमवारी सकाळी इंजिन लावण्याआधी चावी ऑन करून आकडा वहीत लिहितो. परवा गेलो तेव्हा वही बघितली. सगळीकडं ०.०, एका सोमवारी ०.१.